मी गेल्यावर काय, ते मीच ठरवणार!

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. एकेक आत कोंबत जायची, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर! माझं परवा तसंच झालं. कॉलेजच्या मैत्रिणी जमलो होतो. एकीनं नुसतं विचारलं, "तुला कंटाळा नाही का गं येत? तुझ्या कामात सगळं मरणाचंच!" आणि मी जी सुरू झाले, ती तीन चहा झाले तरी थांबले नाही.

काम म्हणजे वकिली. त्यातही मृत्युपत्रं आणि वारसाहक्काची. माणसाच्या मागं त्याच्या घराचं, जमिनीचं काय व्हायचं, ते त्याच्या हयातीत कागदावर आणायचं आणि तो गेल्यावर तो कागद कोर्टात उभा करायचा. आठवडाभर सांगलीत ऑफिस, शनिवारी साताऱ्यात. दोन्हीकडं माझं नाव एकच पडलंय, 'मरणाची वकीलबाई'.

मध्यंतरी मिरज रोडच्या एका मंगल कार्यालयात जेवणाच्या रांगेत उभी होते. पुढच्या आजोबांनी मागं वळून बघितलं आणि झटकन दोन माणसं सोडून पुढं जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "काका, ओळखलं नाही का?"

ते तिथूनच म्हणाले, "वळखलं म्हणून तर! मला अजून नातीचं लगीन बगायचंय!"

लोकांना वाटतं, माझ्याकडं येणारा माणूस रडवेला असतो. छे! मृत्युपत्र करायला आलेल्या माणसाइतका ठाम माणूस मी दुसरा पाहिला नाही. आयुष्यभर बायकोचं, पोरांचं, साहेबाचं ऐकलेलं असतं. एकदाच संधी मिळालेली असते. तो सोडतोय होय!

आता सांगते त्यातली नावं बदललीत. स्वभाव बदललेले नाहीत. ते कुणाला जमलंय?

*

साताऱ्याजवळच्या एका गावातले सुभेदार. गाव असं की घरटी एक माणूस फौजेत. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. मी "बसा" म्हणेपर्यंत खुर्चीत बसले नाहीत.

मुलगे दोन. थोरला गावात, धाकटा पुण्याला. धाकट्याच्या लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. सुभेदारांनी रान आणि घर दोघांत बरोबर वाटून दिलं. पाच मिनिटांत काम झालं. मग म्हणाले, "आता ऑर्डर लिवा."

"कसली ऑर्डर?"

"दोघा भावांनी बायकापोरांसकट दर दिवाळी पाडव्याला गावच्या घरी एका पंगतीला जेवायचं. गैरहजर ऱ्हाईल त्याचा हिस्सा कॅन्सल!"

मी समजावलं. म्हटलं, "सुभेदार, असली अट कोर्टात टिकणं अवघड आहे. फार तर 'अशी माझी इच्छा आहे' असं लिहू."

"इच्छा न्हाई. ऑर्डर."

"अहो, पण टिकणार नाही!"

सुभेदार पुढं वाकले. आवाज खाली आणला. "मॅडम, टिकत न्हाई ते तुमास्नी ठावं हाय. पोरास्नी कुठं ठावं हाय?"

लिहिलं. सुभेदार पुढं काही वर्षांनी गेले. दोन्ही मुलांना बसवून मी मृत्युपत्र वाचून दाखवलं. ऑर्डरचं कलम आल्यावर दोघांनी वर बघितलं, पण एकमेकांकडं नाही.

थोरल्याची बायको मला नंतर एकदा भेटली, तिनं सांगितलं. पहिल्या पाडव्याला दोघं भाऊ एका पंगतीला बसले, पण मधे चार पोरं बसवून. दुसऱ्या पाडव्याला धाकटा पानाकडं बघत म्हणाला, "मीठ." थोरल्यानं मीठ सरकवलं. तिसऱ्या वर्षी धाकटा आदल्या दिवशीच आला, म्हणे आकाशकंदील लावायला!

आता गंमत ऐका. गेल्या साली दोघं एकत्र माझ्याकडं आले, सातबाऱ्याच्या कामासाठी. काम झालं. थोरला घुटमळला. "मॅडम, ती पाडव्याची अट... समजा एखाद्या साली न्हाई जमलं तर?"

मी फाईल बंद केली. "सुभेदारांची ऑर्डर आहे. मी काय बोलणार?"

माझी टायपिस्ट शोभा तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली.

*

माधवनगरचे अण्णा आणि काकी. दोघं मिलमध्ये कामाला होते. तिथंच जमलं, तिथंच लग्न ठरलं. मिल बंद पडली, हे दोघं चालू राहिले. दोन खोल्यांचं घर, मागं पेरूचं झाड. मुलगी एक, इस्लामपूरला दिलेली.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "मी गेल्यावर घर हिला. हिच्यामागं पोरीला."

काकी म्हणाल्या, "आवं, तुमी कशाला जाताय? मी आधी जानार."

"मी वयानं मोठा हाय."

"वयाचं काय घिऊन बसलाय? मी लग्नात सांगितलंय, मी सवाशीण जानार म्हंजे जानार. तवा मुंडी हालवलीसा!"

"तवा घाईत हुतो मी!"

अर्धा तास! ऑफिसात बसलेले बाकीचे क्लायंट आपली कामं विसरून ऐकायला लागले. कुणी अण्णांच्या बाजूचे, कुणी काकींच्या. शेवटी मी दोन मृत्युपत्रं केली. त्याचं तिला, तिचं त्याला, दोघांच्या मागं मुलीला. कोण आधी जाईल ते जाईल, कागद दोन्हीकडून पक्का. दोघं शांत झाले. मला वाटलं, सुटले.

नोंदणीला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात गेलो. गर्दी होती. बऱ्याच वेळानं कारकुनानं ह्यांच्या नावाच्या फायली उचलल्या आणि मान वर करून विचारलं, "दोघांपैकी आधी कोण?"

"मी!"

"मी!"

दोघं एकदम उठले. कारकून घाबरून फायली घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेला.

*

औंधच्या बाजूला एका वाडीवर एका आजींचं मृत्युपत्र होतं. आजी अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून आम्हीच घरी गेलो. अशा वेळी डॉक्टर सोबत लागतो. माणूस शुद्धीत आहे, त्याला सगळं समजतंय, असं त्यानं लिहून द्यायचं असतं. आमचे डॉक्टर तरुण होते, नुकताच दवाखाना काढलेला. शोभा मोबाईलवर व्हिडिओ घेत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?"

"मंगळवार. यमाईचा वार. म्हणून तर तुमास्नी आज बलावलं."

"तुमचं गाव कुठलं?"

"म्हायारचं का सासरचं?"

"बरं, राहू दे. आजी, मुलं किती तुम्हाला?"

आजींनी जरा वेळ आढ्याकडं बघितलं. डॉक्टरांना वाटलं, इथं अडकल्या. त्यांनी हळूच माझ्याकडं बघून मान हलवली.

आजी म्हणाल्या, "झालेली सांगू, का इचारनारी?"

पलीकडं चुलीपाशी धाकटी लेक भाकरी थापत होती, तिचा हात तेवढा थांबला. डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच.

"लिवा की," आजी म्हणाल्या. "पाच लिवलं तरी खरं हाय, आन एक लिवलं तरी बी खरं हाय."

*

मिरजेला सतार करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथले चाचा. तिसऱ्या पिढीचे कारागीर. मोठमोठाले भोपळे दुकानाच्या छताला टांगलेले, आणि चाचा त्यांच्याखाली बसून कानस चालवणारे. दोन मुलगे. एक आखातात, एक पुण्यात गाड्यांच्या शोरूममध्ये. आणि मुलगी रुबीना. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, आणि आल्या दिवसापासून बापाच्या शेजारी पाट टाकून बसलेली.

चाचा म्हणाले, "मॅडम, दुकान आणि अवजारं रुबीनाला लिहून द्यायची. मृत्युपत्र करा."

मी सांगितलं, "चाचा, तुमच्या मुस्लिम कायद्यात असं एकाच वारसाला मृत्युपत्रानं देता येत नाही. तुमच्यामागं बाकीच्यांनी संमती दिली तरच ते चालतं."

"मुलगे देणार नाहीत."

"मग हयातीत द्या. हिबा करा, म्हणजे बक्षीस. पण त्यात एक आहे. नुसतं बोलून चालत नाही. ताबा द्यावा लागतो. आजच्या आज, खरोखर हातात द्यायचं. अवजारं तिची, दुकान तिचं. तुमचं काही नाही."

चाचा उठले. म्हणाले, "विचार करतो."

विचार करायला त्यांना अख्खा पावसाळा लागला! मधे दोनदा आले, दारातूनच परत गेले. मग एक दिवस रुबीनालाच घेऊन आले. "चला दुकानात. तुमच्यासमोर देतो."

आम्ही गेलो. शेजारचे दोन कारागीर साक्षीला. चाचांनी एकेक अवजार पुसून तिच्या पुढ्यात ठेवलं. करवत, रंधा, पटाशी. शेवटी राहिली एक छोटी कानस. सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, ती अगदी हलकी फिरवतात, त्यानं स्वराला झणकार येतो. चाचांच्या वडिलांची कानस. ती त्यांनी पुढं केली, रुबीनानं धरली, पण चाचांची मूठ काही सुटेना! बाप-लेक कानशीची दोन टोकं धरून बसलेले.

रुबीना म्हणाली, "अब्बा, नको असेल तर राहू दे."

"तू ओढ," चाचा म्हणाले. "माझ्यानं सुटणार नाही. तू ओढ."

तिनं ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला आले तर चाचा बाकावर बसलेले. म्हटलं, आता हे मोडा म्हणणार!

"काय झालं चाचा? पस्तावा?"

"छे छे! एक नवा कागद करायचाय." घसा खाकरून म्हणाले, "मालकिणीनं मला कामावर ठेवलंय. तिला म्हणावं, शुक्रवारची सुट्टी लिहून दे. तोंडी कबूल करते, पण मला तिचा भरवसा नाही!"

*

बहिणींचं हक्कसोडपत्र हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. बाप गेला की भाऊ गाडी करतात, बहिणीला सासरहून आणतात, वाटेत साडी घेतात, निबंधकांसमोर सही घेतात. बापाच्या जमिनीतला तिचा हक्क गेला! संध्याकाळी बहीण परत सासरी. सगळे खूश, म्हणजे सगळे भाऊ.

जत तालुक्यातले दोन भाऊ आले होते. घर मेंढपाळांचं, आता थोडी शेतीही. कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव, त्यामुळं बहिणीला दोघं अक्का म्हणायचे. मी म्हटलं, "कागद करते, पण अक्काशी आधी बोलू द्या."

थोरला म्हणाला, "ती काय बोलनार? गरीब गाय हाय."

अक्का थेट निबंधकांच्या ऑफिसातच भेटल्या. उन्हानं रापलेला चेहरा, हातात नव्या साडीची पिशवी. लग्नाआधी बारा महिने बापाबरोबर मेंढरांमागं हिंडलेल्या. मी बाजूला घेऊन विचारलं, "कागदात काय आहे, माहीत आहे ना?"

"व्हय," एवढंच म्हणाल्या.

नंबर आला. साहेब शिस्तीचे. सगळ्यांना विचारायचे, तसं त्यांनी विचारलं, "काय बाई, खुशीनं सही करताय ना?"

"खुशीनं न्हाई सायेब," अक्का म्हणाल्या. "साडीनं."

साहेबांनी चष्मा काढला. धाकटा भाऊ हसला, पण कुणीच हसत नाही बघून थांबला.

"अक्का, आसं काय बोलतीस?" थोरला म्हणाला.

"खोटं हाय व्हय?"

साहेबांनी कागद परत सरकवला. म्हणाले, "मला ही नोंद करता येणार नाही."

बाहेर व्हरांड्यात थोरल्यानं आवाज चढवला. लोक बघायला लागले. अक्का ढळल्या नाहीत. "मला काय रान डोक्यावर घिऊन जायचंय? पर कुनी इचारलंसा? गाडीत बशीव, साडी दे, अंगठा घे! आरं, लोकर कातरायची म्हनलं तर मेंढराच्या पाठीवर बी आधी हात फिरवत्यात. मी मेंढरापरीस खाली व्हय रं?"

साडीची पिशवी त्यांनी बाकावर ठेवली आणि चालत एसटी स्टँडला गेल्या. त्या दोघांना मी एवढंच सांगितलं, "आता गाडी पाठवू नका. तुम्ही जा."

गेले म्हणे. आधी धाकटा गेला, मग थोरला. अक्काला काय पाहिजे, ते विचारायला बराच काळ लागला, पण विचारलं. तिला पाहिजे होता ओढ्याकाठचा माळ. पेरायच्या कामाचा नाही, नुसता खडक. बाप पावसाळ्यात कळप तिथं बसवायचा. तेवढा माळ तिच्या नावावर आणि बाकीचं भावांचं, असं वाटणीपत्र मी केलं.

परत तेच ऑफिस, तेच साहेब. साहेबांनी अक्कांना ओळखलं. जरा जपूनच विचारलं, "आता तरी खुशीनं ना?"

"व्हय, आता खुशीनं." अंगठा दिला, बोटाची शाई भिंतीला पुसली, आणि भावाकडं वळून म्हणाल्या, "ती साडी कुटाय रं? मागारी दिल्याली?"

*

सांगलीत महापूर आला तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या गावभागात नलूआजी एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही. पुतण्या एक होता, तो घर पाडून अपार्टमेंट उठवायला टपलेला. आजींना घर द्यायचं होतं त्यांच्याकडं लहानपणापासून कामाला असलेल्या सखूला. मी मागं लागले होते, आजी, मृत्युपत्र करून टाका. त्यांचं आपलं, "बघू गं दिवाळीनंतर." अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या.

पूर चढत होता. माझ्या स्वतःच्या ऑफिसात पाणी शिरलेलं, मी विश्रामबागेत बहिणीकडं. फोन वाजला.

"मी नलू बोलतेय. लिहून घे."

"आजी! कुठं आहात तुम्ही?"

"गच्चीत. पाणी जिना चढतंय. बोटवाली पोरं कधीची ओरडताहेत. पण आधी कामाचं. घे, लिही. माझं राहतं घर..."

"आजी, फोनवर मृत्युपत्र होत नाही!"

"का नाही होत?"

"तुमची सही लागते. दोन साक्षीदार लागतात."

"साक्षीदार आहेत की! बोटीत दोघं उभे आहेत, अंगानं चांगले आहेत."

"आणि कागद? पेन?"

नुसता पाण्याचा आवाज आणि कुणीतरी ओरडतंय, "आजी, चला लवकर!"

"म्हणजे आज मी मेले, तर घर त्या मेल्याच्या घशात?"

मी काय खोटं सांगू? "हो आजी."

"मग आज मरून चालायचं नाही!" फोन तसाच हातात धरून त्यांनी दिलेली आरोळी मला ऐकू आली. "ए पोरांनो! आणा ती बोट जवळ! आणि नीट धरा, मला पडायला आज सवड नाही!"

पूर ओसरला. ऑफिसात चिखल, भिजलेल्या फायली दोरीवर वाळत टाकलेल्या. कुणी क्लायंट येईल असं वाटलंच नव्हतं. तर दोरीखालून वाकून नलूआजी आत आल्या, मागं सखू.

खुर्ची पदरानं पुसून बसल्या. म्हणाल्या, "हं. पेन मी घेऊन आलेय."

*

आता शेवटचा सांगते. हा मी सहसा सांगत नाही.

साताऱ्यात एका जुन्या पेठेत दोन घरं होती, मधे सामाईक भिंत. अलीकडं वत्सलाबाई. निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही. पलीकडं मालनबाई. नवरा गेल्यावर त्यांनी घरातच पिठाची गिरणी टाकली आणि तिच्यावर पोरी मोठ्या करून लग्नं लावून दिली. गिरणी सुरू झाली की भिंत हादरायची. वत्सलाबाईंच्या फळीवरच्या कपबश्या वाजायच्या. एक दिवस भिंतीला भेग पडली, आणि वत्सलाबाई कोर्टात गेल्या. गिरणी हलवा! मालनबाईंचं म्हणणं, भिंत माझी, गिरणी माझी, कपबश्या तुमी हलवा!

वत्सलाबाईंची वकील मी. केस किती चालली विचारू नका. न्यायाधीश बदलले, मालनबाईंचे वकील बदलले, गिरणीचा पट्टा तर कितीदा बदलला. प्रत्येक न्यायाधीश पहिल्या दिवशी विचारायचे, "तडजोड करता का?" आणि दोघी एकदम म्हणायच्या, "नाही!" दोघींचं एकमत व्हायचं ते तेवढंच.

वत्सलाबाई दळणाचा डबा उचलून पार दुसऱ्या पेठेतल्या गिरणीत जायच्या. पण कोर्टात यायला गल्लीच्या तोंडाशी रिक्षा एकच. म्हणून तारखेला दोघी त्याच रिक्षातून येणार. ही ह्या टोकाला, ती त्या टोकाला, मधे डबा-पाण्याच्या पिशव्या. बोलणं नाही.

एकदा वत्सलाबाई न्हाणीत पडल्या, पाय मोडला. मी पुढची तारीख मागितली. मालनबाईंचे वकील विरोध करायला उठले, तर मागून मालनबाईंनी त्यांचा कोट ओढला. "द्या की वो तारीख! ती न्हाई तर भांडू कुनासंगं?"

पाय बरा झाल्यावर वत्सलाबाईंनी मला घरी बोलावलं. मृत्युपत्र करायचं होतं. पुतणे, भाचे होते, मला वाटलं त्यातलं कुणीतरी असेल. त्या म्हणाल्या, "लिही. माझं राहतं घर माझ्या पश्चात मालन हिला द्यावं."

मी पेन खाली ठेवलं. "बाई, त्या आपल्या प्रतिवादी आहेत!"

"मला ठाऊक आहे. पेन उचल."

"पण का?"

"का ते विचारायचं काम न्यायाधीशांचं. तुझं काम लिहायचं."

"बरं, मग केस मागे घेऊ या?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता हात पुढं करायला सांगतात. "केस का मागे घ्यायची? भिंत माझी आहे!"

मृत्युपत्राची नोंदणी झाली. केस चालू राहिली. त्यानंतर एका थंडीत वत्सलाबाई झोपेतच गेल्या.

तेरावं झाल्यावर मी मालनबाईंकडं गेले. गिरणी चालू होती, त्यांच्या भुवयांपर्यंत पीठ. मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी हातानं खूण केली, थांबा. गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

"काय म्हनला?"

मी परत सांगितलं. त्या ज्वारीच्या पोत्यावर बसल्या.

"मला न्हाई पायजे."

"मावशी, त्या तुमच्या नावावर करून गेल्या आहेत."

"मला इचारलं व्हय तिनं? सोता ठरवायचं आन सोता जायचं!" त्या रडत नव्हत्या. चिडल्या होत्या, लय चिडल्या होत्या. "ह्याच्यावर अपील कुटं करायचं?"

"ह्याच्यावर अपील होत नाही मावशी."

"सगळ्यावर हुतंय! इतकी वर्सं तुमी वकीलच सांगत आलाय!"

भिंतीपलीकडं कसलाच आवाज नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "फुडची तारीख कवा हाय?"

मी तारीख सांगितली. "पण तुम्ही यायची गरज नाही. आता वत्सलाबाईंच्या जागी तुम्हीच आणि तुमच्या जागीही तुम्हीच. भांडण उरलंच नाही. मी कोर्टाला कळवते, केस संपेल."

"संपली का न्हाई, ते कोर्ट सांगंल," त्या म्हणाल्या आणि गिरणी सुरू केली.

तारखेला मी वत्सलाबाई गेल्याचा अर्ज घेऊन कोर्टात बसले होते. मालनबाई आल्या. त्याच रिक्षातून, एकट्या. नवं लुगडं नेसलेल्या. बाकाच्या आपल्या टोकाला बसल्या. दुसऱ्या टोकाला कुणीतरी पक्षकार बसायला आला, त्याला हातानंच म्हणाल्या, तिथं नको.

आमचा नंबर आला. पट्टेवाल्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं नेहमीसारखं दाराशी जाऊन वादीचं नाव पुकारलं, "वत्सलाबाई हजर आहेत का?"

मी अर्ज हातात घेऊन उठत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हजर!"

मी वळून बघितलं. मालनबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, मान ताठ.

पट्टेवाला गोंधळला. त्यानं प्रतिवादीचं नाव पुकारलं, "मालनबाई?"

"ती बी हाय," मालनबाई म्हणाल्या. "दोगी बी हायेत. चालू करा."